समईचं इंजन आणि कढईचं इंजन

नदीकाठच्या घरातून,
श्रावणातला सोमवार

आक्का,

धाकट्या निर्मलाचे शरणु शरणार्थी पोचावेत. इकडं महादेवाच्या कृपेनं (आणि यंदा थोडी इंजनाच्याही) सगळी खुशाल आहेत. तुझं बीपी, दाजींचा गुडघा आणि दारातली काळी म्हैस, तिघांची तब्येत आधी कळव. मागच्या पत्रात म्हशीचं तू पान भरून लिहिलंस आणि दाजींचं एका ओळीत उरकलंस, तेव्हापासून मला दाजींचीच काळजी लागली आहे. फोनवर विचारलं असतं, पण तू फोन कानाला लावत नाहीस, आरशासारखा तोंडासमोर धरतेस, आणि तुझा शिवप्रसाद स्पीकर लावून त्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना आपल्या दोघींच्या घरच्या गोष्टी ऐकवतो. म्हणून रक्षिताच्या कॉलेजच्या वहीतली कोरी पानं घेऊन बसले. तिसरीपर्यंतच्या शाळेचं अक्षर आहे. जिथं लागणार नाही तिथं पुढं जा, पुढं कळेल.

तर आक्का, आमची नाव जिंकली. आधीच सांगून टाकते, कारण तुला गोष्टीचा शेवट माहीत असल्याशिवाय गोष्ट ऐकवत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आता सुरुवात. पावसाळ्यात बंधाऱ्यावर पाणी चढलं की आमचा पलीकडचा रस्ता तुटतो. दुधाचा टँकर पलीकडच्या काठाला येऊन उभा राहतो आणि इकडचे कॅन नावेत घालून त्याच्याकडं पोचवावे लागतात. (आपण दोघी गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडून आत्याकडं गेलतो, आठवतं का? काहील गरागरा फिरत होती आणि तू डोळे मिटून सगळी वाट "थांबिव, थांबिव" म्हणत होतीस. काहिलीला कोण थांबिवणार.) हे दुधाचं काम इतकी वर्षं केरबाकडं. केरबाला तू पाहिला आहेस, आमच्या ह्यांचा दोस्त, माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत तीनदा बसलेला. त्याच्या नावेला टू स्ट्रोक इंजन. आणि गेल्या साली आमच्या बचत गटानं मालवणकडच्या एका पर्यटनवाल्याकडनं जुनी नाव उचलली, तिला फोर स्ट्रोक इंजन. चालवायला आमची रक्षिता. पोरीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, पण गावानं तिला इंजनाजवळ बघितलं की पहिला प्रश्न "लग्नाचं काय" हाच.

आणि रक्षिताचा बाप, म्हणजे माझाच लेक भीमाप्पा, त्यानं पावसाळ्याच्या तोंडाला सांगून टाकलं की ह्या हंगामात दुधाचं काम मिळालं तर मिळालं, नाहीतर नाव विकायची आणि पोरीनं इचलकरंजीला मामाच्या मागाच्या कारखान्यात हिशेबाला बसायचं. बोलताना बिचारा भाकरीकडं बघत होता, माझ्याकडं नाही. रक्षिता उठून नावेचा दोर धुवायला गेली. दोर स्वच्छच होता. मला कळलं की आता आपल्याला बोलायला पाहिजे, आणि मी बोलायला लागले की काय होतं हे तुला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी मी दूध संस्थेत चेअरमन गणपतरावांच्या खुर्चीसमोर. त्यांचं दुखणं निराळंच निघालं. नावेला पेट्रोल आणि तेल संस्था देते, आणि गणपतरावांचा जीव त्या तेलात अडकलेला. पेट्रोल जळतं ते त्यांना मान्य होतं, पण तेल कुठं जातं हे काही त्यांना उमगत नव्हतं. मी म्हटलं, मग दोन्ही नावांची परीक्षा घ्या. ज्याचं इंजन तेल कमी पिईल त्याला काम. गणपतराव म्हणाले, "वैनी, तुमास्नी इंजनातलं काय कळतंय?" मी म्हटलं, "मला तेलातलं कळतंय."

कळतंच की. रक्षितानं मला चुलीपुढं बसवून समजावलंय. टू स्ट्रोक म्हणजे समई. तिच्यात तेल घालायचं, ते जळून जायचं, संपलं की परत घालायचं. केरबा पेट्रोलच्या कॅनमध्येच पेलाभर तेल ओततो, ढवळतो आणि ते मिश्रण इंजनाला पाजतो. तेल आत जाऊन सगळ्या दांड्याबिंड्यांना न्हाऊ घालतं आणि पेट्रोलाबरोबर जळून धूर होऊन वर जातं. फोर स्ट्रोक म्हणजे कढई. तेल आधीच तिच्या पोटात भरून ठेवलेलं, पेट्रोलाची वाट निराळी, तेलाची निराळी. भजी तळून निघतात, तेल कढईतच. संध्याकाळी तेल मोजायची पट्टी बुडवून बघायचं, जिथल्या तिथं. आक्का, हे मला एका बैठकीत कळलं, आणि आमच्या भीमाप्पाला दोन वर्षं मोटरसायकल चालवून कळलं नव्हतं. (तुझ्या शिवप्रसादनं उरुसाला आला तेव्हा सगळ्यांसमोर मला सांगितलेलं, "मावशी, फोर स्ट्रोक रोज तेल मागत न्हाई, पण मागंल तवा पोटभर मागंल." तेव्हा मी गप्प बसले, कारण त्याच्या ताटात माझी पुरणपोळी होती. आता गप्प बसायचं कारण नाही. त्याला म्हणावं, मावशीच्या इंजनानं थेंब मागितला नाही.)

परीक्षा आठवडाभर चालायची ठरली. पेट्रोल दोघांना सारखं, खेपा सारख्या, आणि तेल मोजायचं दुधाच्या मापानं, कारण संस्थेत दुसरं माप नाही. लबाडी होऊ नये म्हणून गावच्या चालीप्रमाणं एकाच्या नावेत दुसऱ्याचा पंच. कुस्तीच्या मैदानात जसे दोन्ही तालमींचे पंच असतात तसे. आमच्या नावेत केरबाची बायको हौसाबाई बसली आणि केरबाच्या नावेत मी. केशरी जाकीट घालून. जाकीट माझ्या नऊवारीवर कसं दिसत होतं ते रक्षितानं फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲपवर टाकलंय, शिवप्रसाद दाखवील, पण त्याच्या चेहऱ्याकडं बघू नकोस, फोटोकडं बघ.

खरं सांगते आक्का, शत्रूच्या नावेतला तो आठवडा लई मजेत गेला. केरबा खिशातनं भाजलेल्या शेंगा काढायचा, निम्म्या मला द्यायचा आणि आपलं इंजन कसं गुणी आहे ते सांगायचा. इंजन फटफटत निळा धूर सोडायचं. धूर माझ्या पदरात, केसात, शेंगांत. पलीकडं टँकरवाला नाक दाबूनच उभा असायचा. केरबा त्याला म्हणायचा, "काय पावणं, सर्दी झालीया व्हय?" रोज सकाळी केरबा घाटावर बसून बाटलीतनं कॅनमध्ये तेल ओतायचा आणि रोज संध्याकाळी मी गणपतरावांना सांगायचे, आज इतकं माप गेलं. आणि हौसाबाई तोंड वाकडं करून सांगायची, ह्यांच्या पट्टीवर कालच्याइतकंच हाय. भीमाप्पा लांबनं, नुसता म्हैस धुवायला आल्यासारखं करून ऐकायचा. एकच म्हैस किती वेळा धुवावी माणसानं.

आता शेवटचा दिवस. सकाळी केरबानं नेहमीप्रमाणं तेल ओतलं, ढवळलं, कॅन घाटाच्या पायरीवर ठेवला आणि दुधाचे कॅन चढवायला आम्ही वर गेलो. परत आलो, केरबानं टाकीत पेट्रोल ओतलं, दोरी ओढली, निघालो. पहिल्या खेपेच्या माघारीपासून माझं लक्ष गेलं की धूर पातळ होत चाललाय. दुसऱ्या खेपेला धूरच नाही. आक्का, इंजन फटाफटा पळतंय, आवाज असा मोकळा, आणि मागं एवढीसुद्धा निळी रेघ नाही. केरबा खूश होऊन म्हणाला, "वैनी, बघा. मन लावून चाललंय आज. धुराचं नाव न्हाई." माझ्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. धूर नाही म्हणजे तेल जळत नाही, तेल जळत नाही म्हणजे समईची कढई झाली, आणि कढई झाली म्हणजे आमचं जिंकलेलं पाण्यात. मला डोळ्यासमोर रक्षिता दिसायला लागली, कानात कापसाचे बोळे घालून मामाच्या कारखान्यात चिठ्ठ्या लावत बसलेली. मी महादेवाला म्हटलं, देवा, थोडा तरी धूर कर. असलं मागणं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असेल.

देवानं ऐकलं, पण जरा जास्त ऐकलं. मधोमध आलो आणि इंजनाचा आवाज बदलला. आधी चिरका झाला, मग जातं जड झाल्यासारखा, आणि मग एकदम बंद. केरबानं दोरी ओढली, दोरी हलेना. परत ओढली, केरबाच हलला. कव्हर उघडलं तर वाफ अंगावर. नाव धारेला लागून हळूहळू खाली निघाली, गावचं दूध घेऊन, गावच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन. केरबा इंजनाकडं असा बघत होता जसं घरातलं माणूस चक्कर येऊन पडलंय. मी त्याला काही बोलले नाही. (हे मुद्दाम लिहिते, कारण तू म्हणशील की निर्मला त्या वेळीही बोलली असेल. नाही बोलले. शेंगा त्याला परत दिल्या.)

मग मागनं आमची नाव आली. कसली आली म्हणून सांगू. धूर नाही, धडधड नाही, शिवणयंत्रासारखा बारीक आवाज, आणि मागं रक्षिता एका हातानं इंजन धरून उभी. पुढं हौसाबाई. नवऱ्याची नाव वाहत चाललेली बघून ती आमच्या नावेत उभी राहून ओरडत होती, "रक्षे, घाल की वेग, काय पालखीत बसवून न्हेतीस?" स्वतः विरुद्ध बाजूची पंच असून. रक्षितानं दोर फेकला, तोच धुतलेला, केरबानं पकडला, आणि तिनं केरबाची नाव, सगळे कॅन आणि मी, असं सगळं टँकरपर्यंत ओढत नेलं. एक थेंब दूध सांडलं नाही. टँकरवाल्यानं नाकावरचा हात काढला आणि भोंगा वाजवला. मी केशरी जाकिटात उतरले तेव्हा मला जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळल्यासारखं वाटलं.

आता इंजन बंद का पडलं? ते आकारामचं काम. आकाराम म्हणजे संस्थेत दुधाची फॅट तपासणारा. दुधात पाणी घालणाऱ्याला तो डोळ्यांनीच पकडतो, सख्ख्या मेव्हण्याचं दूधसुद्धा त्यानं परत पाठवलंय. बोलत नाही, नमुना काढतो, बाटलीला चिठ्ठी लावतो आणि कुलपात ठेवतो. तर हा मुलीच्या बाळंतपणाला गेलता, आमच्या परीक्षेचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि नेमका शेवटच्या दिवशी सकाळी हजर. एरवी ऑफिस न सोडणारा, त्या दिवशी घाटावर येतो तो काय, केरबा बाटलीतनं संस्थेच्या पेट्रोलात काहीतरी ओततोय आणि ढवळतोय. माणसानं जन्मात सायकलीशिवाय काही चालवलेलं नाही. त्यानं आम्ही वर गेल्यावर तो कॅन उचलला, ऑफिसात कुलूपबंद केला आणि त्याच्या जागी शुद्ध पेट्रोलाचा कॅन आणून ठेवला. म्हणजे समईत वात पेटवली आणि तेलच नाही. इंजन कोरडंच पळत पळत तापलं आणि जाम झालं.

केरबा चिखलाच्या पायानं ऑफिसात शिरला. "आकाराम, पेट्रोलात तेल घालावंच लागतंय रं." आकाराम शांत. म्हणाला, "घालणारा प्रत्येक जण असंच म्हणतोय." आणि टेबलावर नमुन्याची बाटली ठेवली, चिठ्ठीवर केरबाचं नाव, तारीख आणि शेरा: भेसळ. गणपतरावांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी निकाल दिला, आणि माणूस न्यायाचा आहे आक्का, खोटं कशाला बोलू. इंजनाची दुरुस्ती संस्थेनं करून द्यायची, कारण चूक संस्थेच्या माणसाची. पण परीक्षा तेलाची होती, आठवड्याची मापं समोर आहेत, केरबाच्या बाटल्या रिकाम्या झाल्यात, आता फक्त फोर स्ट्रोकची शेवटची पट्टी बघायची.

सगळा गाव घाटावर. रक्षितानं नाव सपाट पाण्यात उभी केली, इंजन थंड होऊ दिलं, पट्टी काढली, पुसली, परत बुडवली आणि चालीप्रमाणं पंचाच्या हातात दिली. हौसाबाईनं डोळे बारीक केले. मग मोठे केले. म्हणाली, "आगं बया, तेल वाढलंय." आक्का, खरंच वाढलेलं. खुणेच्या वर. आठवडाभर गावचं दूध वाहून, वर केरबाची नाव ओढून, आमच्या इंजनानं तेल प्यायलं तर नाहीच, उलट परत दिलं. बायकांनी इंजनाची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. एकीनं तर बोट बुडवून गुडघ्याला लावून बघितलं. मी लगेच इंजनाला विभूती लावली. तेवढ्यात आकाराम मागनं म्हणाला, "वाढलं म्हणजे कायतरी मिसळलंय." सगळे असे हसले की म्हशी पाण्यातनं वर आल्या. मी म्हटलं, "आकाराम, एक इंजन आज तू मारलंस, दुसऱ्याला तरी जगू दे बाबा." तो पट्टीकडं बघत राहिला, दुधाकडं बघतो तसा.

काम आम्हाला मिळालं. बंधारा उघडा पडेपर्यंत दूध आमच्या नावेनं जाणार. भीमाप्पा गेला आणि जिलेबी घेऊन आला, आणि इचलकरंजीच्या मामाला त्यानं स्वतः फोन करून सांगितलं की पोरीला वेळ नाही, तिच्यावाचून गावचं दूध थांबतं. बचत गटानं पेंटर बोलावून नावेवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय: "थेंबभर तेल न पिणारी". बाजूला कमळ काढलंय, ते जरा कोबीसारखं झालंय, पण लांबनं चांगलं दिसतं. परवा गणपतरावांच्या हस्ते नारळ फोडायचा आहे. तू असतीस तर तुझ्याच हातनं फोडला असता. दाजींना नमस्कार, म्हशीला हात फिरव, शिवप्रसादला माझा निरोप दोनदा सांग, एकदा दुकानात गिऱ्हाईक असताना.

तुझी,
निर्मला

ता.क. पत्र लिहून झाल्यावर रक्षिता आली. तिनं पट्टी नाकाजवळ धरली आणि तिचं तोंड उतरलं. मलाही हुंगायला लावली. पेट्रोलाचा वास. म्हणाली, खेपा लहान लहान, इंजन पुरतं तापायच्या आधीच बंद, त्यामुळं न जळलेलं पेट्रोल झिरपून तेलात उतरलंय. वाढलं ते तेल नाही, पातळ झालेलं आहे. सगळं काढून टाकून नवं भरायला पाहिजे आणि ताबडतोब, नाहीतर केरबाचं झालं ते आमचं होईल. आणि हे झालं नसतं तरी तेल बदलायचंच होतं म्हणे, काळं पडलंय. कढईतलं तेल चार वेळा तळलं की काळं पडतं, हे आक्का मला कुणी सांगायला नको होतं, पण जिंकायच्या गडबडीत कुठं सुचतं. तर मुद्दा असा की शिवप्रसादच्या दुकानातनं फोर स्ट्रोकचं तेल पाठव, पोटभर लागेल इतकं. कोल्हापुरात मिळतं, पण इथं आम्ही तेल घेतलं की सांजेपर्यंत गावभर होईल, आणि नावेवरचा रंग अजून वाळलेला नाही. वरचा शिवप्रसादचा निरोप खोडून टाक. दोन्ही वेळचा.

आणखी एक. हे पत्र केरबाच घेऊन येतोय. त्याच्या इंजनाचा पिस्टन शिवप्रसादकडंच मिळणार आहे, म्हणून निपाणीला निघालाय. त्याला चहा दे, दोनदा विचार, पहिल्यांदा नको म्हणतो. पत्र त्याच्यासमोर मोठ्यानं वाचू नकोस. पाकीट भाताच्या शितांनी नीट चिकटवतेय. तेल काकवीच्या डब्यात भरून, वर काकवीच लिहून त्याच्याच हाती दे. गटाच्या बायकांसाठी काकवी मागवलीय असं मी त्याला सांगितलंय.

आणखी एक, घाईत. केरबा आत्ता पत्र न्यायला आलाय, दारात उभा आहे. मला म्हणतो, "वैनी, काकवी फोर स्ट्रोकचीच सांगितलीया न्हवं? न्हाईतर चुकून आमच्यातली यायची." हौसाबाईला त्याच दिवशी पट्टीचा वास आला होता, पेट्रोलानं माखलेल्या ह्या माणसाशेजारी ती इतकी वर्षं झोपते. दोघंही तेव्हापासून गप्प. म्हणतो, पोरगीनं दोर टाकला, आता ह्यावर कोण बोलतंय. पण एक अट घातलीय. आकारामला त्याच्या तोंडावर सांगायचं की दुसऱ्या वेळेला, पट्टीच्या वेळी, तो बरोबर होता. सांगणार आहे, आक्का. शपथ. बंधारा उघडा पडला की लगेच.